गाणं लायसन्सवर, गप्पा कॉफीवर

माणूस गेला की मागे चष्मा, औषधांच्या पट्ट्या, फोनचा चार्जर असलं काहीबाही उरतं. सॅमकाका गेले आणि मागे उरले किस्से! तेही एका जागी नाहीत. थोडे बिशानला माझ्या घरी, थोडे फडक्याकडे, बरेचसे लिलीकाकूंकडे आणि उरलेले सिंगापूरभर कॉफीच्या टेबलांवर सांडलेले. परवा टॅक्सीत बसलो, तर चिनी ड्रायव्हरने आरशात माझा चेहरा बघून विचारलं, "यू इंडियन, आ? यू नो वन ओल्ड मॅन, व्हाइट पोनीटेल, गिटार?" एवढ्या मोठ्या शहरात एक भारतीय दुसऱ्याला ओळखतोच असं समजणाऱ्यांचा मला एरवी राग येतो. या वेळी मी म्हणालो, "येस!" आणि उतरेपर्यंत पदरात आणखी एक किस्सा पडला.

ज्यांनी त्यांना पाहिलं नाही त्यांच्यासाठी थोडक्यात ओळख. सॅम्युएलकाका मूळचे नगरकडचे, मराठी ख्रिश्चन. तरुणपणी जहाजदुरुस्तीच्या यार्डात इलेक्ट्रिशियन म्हणून इथे आले. तो काळ लांब केसांच्या, अनवाणी, गिटारवाल्या येशूभक्त हिप्पींचा. जगभर भटकणारी त्यांची एक टोळी इथल्या समुद्रकिनाऱ्यावर गात बसली होती. काका रविवारी सहज फिरायला गेले आणि त्यांच्यातलेच होऊन परत आले. टोळी पुढे निघून गेली. त्यातल्या कुणी दाढी काढली, कुणी टाय लावून इन्शुरन्स विकायला लागलं. काका मात्र सत्तरी उलटली तरी होते तसेच राहिले. पांढरी पोनीटेल, रबरी चपला, आणि भर रस्त्यात उभं राहून अनोळखी माणसाशी देवाबद्दल बोलायची दांडगी हौस!

मी बँकेत कम्प्लायन्समध्ये आहे. म्हणजे कुणी काय करू नये हे सांगायचा मला पगार मिळतो. फडके आयटीतला, सदाशिव पेठेत वाढलेला, तबला वाजवतो. आम्हा दोघांची या माणसाशी गट्टी कशी जमली, हे आमच्या बायकांना अजून उलगडलेलं नाही.

*

जमली ती अशी. मी आणि फडके जुरोंग ईस्टला एमआरटीतून, म्हणजे इथल्या मेट्रोतून, बाहेर पडत होतो. समोर एक म्हातारा गिटारवर गात होता. शब्द इंग्रजी, पण चाल चक्क अभंगाची! आम्ही थबकलो. गाणं संपलं. म्हाताऱ्याने आमच्याकडे बघितलं आणि खणखणीत मराठीत विचारलं, "काय पुणेकर, आवडलं का?"

फडक्याच्या हातातली बॅगच निसटली. "तुम्हाला कसं कळलं?"

"सोपं आहे लेका! टाळी वाजवायच्या आधी दुसरं कुणी वाजवतंय का ते बघितलंस!"

"असं काही नसतं हां," फडके म्हणाला. "टाळ्यांवरून गाव ओळखणं हे अजिबात शास्त्रीय नाही."

काका माझ्याकडे वळून म्हणाले, "बघ. वाद घातला. आता तर पक्काच पुण्याचा."

*

सिंगापुरात रस्त्यावर वाजवायचं तर लायसन्स लागतं, आणि ते मिळवायला ऑडिशन द्यावी लागते. काका ऑडिशनला गेले. समोर बसलेल्या तरुण मुलीने विचारलं, "अंकल, व्हॉट टाइप ऑफ म्युझिक?"

आता या माणसाची सगळी गाणी स्वतः रचलेली, आणि सगळी नाझरेथच्या त्या सुतारावर, म्हणजे येशूवर. एकाची सुरुवात मला पाठ आहे: 'सुतार आलाय दारी, मोडकं काढा बाहेरी.' हे त्या मुलीला कसं सांगणार?

काका म्हणाले, "रिपेअर वर्क."

मुलीने ते जसंच्या तसं लिहून घेतलं!

लायसन्स मिळालं, पण अट होती. वाजवा, गा, पण भाषण नको. दुसरा कुणी हिरमुसला असता. काकांनी त्यावर तोडगा काढला. वाजवून झालं की गिटार केसमध्ये घालायची, चेन ओढायची, आणि शेजारच्या कोपीटियममध्ये, म्हणजे आपल्या अमृततुल्यच्या चिनी भावंडात, कोपऱ्यातलं टेबल धरून बसायचं. गाणं ऐकून ज्याच्या मनात काही ढवळलं असेल तो आपसूक मागे येई. कुणाची नोकरी गेलेली असे, कुणाची बायको. काका त्याच्यासाठी कॉफी मागवत आणि ऐकत. मधूनच येशूची एखादी गोष्ट सांगत, तीही अशी की येशू जणू यार्डातला त्यांचा जुना सहकारी!

मी एकदा धंद्याला जागून विचारलं, "काका, हे नियमात बसतं का?"

"बसतं ना! रस्त्यावर उभं राहून बोललं की भाषण. खुर्चीवर बसून बोललं की मैत्री. म्हणून तर आधी गुडघे दुखतात असं सांगून बसून घेतो."

फडक्याने याचं ब्रीदवाक्यच करून टाकलं: गाणं लायसन्सवर, गप्पा कॉफीवर!

*

लिलीकाकू चिनी, इथल्याच. त्यांची वाक्यं मी बहुतेक मराठीतच सांगणार आहे. प्रत्येकाच्या शेवटी एक 'लाह' तुमचा तुम्ही लावून घ्या.

काका तरुण होते तेव्हा इथे पुरुषांनी लांब केस ठेवलेले सरकारला चालत नसत. ऑफिसांमधून पाट्या असायच्या, लांब केसवाल्यांचं काम सगळ्यात शेवटी केलं जाईल. काकांचे केस खांद्याखाली. त्यामुळे कुठेही गेले तरी रांगेत शेवटचे. सकाळी गेलेला माणूस ऑफिस बंद होताना बाहेर!

"मग वैतागून कापले नाहीत?" मी काकांना विचारलं.

"कापतोय कशाला? दिवसभर पंख्याखाली बसायला बाक, समोर माणसं, आणि कुणालाच उठून जाता येत नाही! अशी सभा मला दुसरीकडे कुठे मिळाली असती?"

त्या काउंटरवर एक तरुण क्लार्क बसायची. हा केसाळ इंडियन रोज येऊन बाकावरच्या लोकांना हसवतो, रडवतो, आणि त्याच्याकडे खरं तर कामच काही नाही, हे तिच्या लवकरच लक्षात आलं. एके दिवशी तिने खिडकीतून बजावलं, "उद्या केस कापून ये. तुझं काम पहिलं करते."

दुसऱ्या दिवशी काका केस न कापताच हजर, आणि थेट खिडकीशी जाऊन म्हणाले, "माझं काम शेवटीच कर. तोवर तुझी सुट्टी होते. मग कॉफी प्यायला जाऊ."

हा किस्सा काका सांगत असले की लिलीकाकू स्वयंपाकघरातून ओरडत, "तेव्हा मी याला शेवटी अटेंड करत होते! लग्नानंतर बघा, सगळ्यात आधी यालाच अटेंड करावं लागतं!"

*

माझी मुलगी ईरा इथल्याच शाळेत शिकलेली. तिला मराठी कळतं, पण उत्तर इंग्रजीतून येतं. मोठ्या परीक्षेच्या आदल्या आठवड्यात ती काकांना म्हणाली, "काका, प्लीज प्रे फॉर माय मॅथ्स."

काका गंभीर झाले. "गणितासाठी नाही करणार. ते तू कर. मी तुझ्या बापासाठी करतो. रिझल्ट लागल्यावर त्याला लागेल."

ईरा माझ्याकडे बघून म्हणाली, "पपा, ही नोज यू सो वेल, लाह!"

*

आमच्या बिशानच्या घरी गणपती बसतो. दहा-बारा मराठी कुटुंबं जमतात. निम्मे लोक मोबाईलवर बघून आरत्या म्हणतात, उरलेले फक्त शेवटची ओळ जोरात म्हणतात. काका यायचे, मोदक खायचे आणि मागे सोफ्यावर बसायचे. एका वर्षी आरती दुसऱ्या कडव्यात सपशेल गडगडली. कुणाला पुढचं आठवेना आणि नेमकं त्याच वेळी वायफाय गेलं. तर मागून, सोफ्यावरून, शांतपणे एकेका ओळीचा पहिला शब्द यायला लागला! आम्ही तो शब्द उचलायचा आणि ओळ पुरी करायची. असं करत आरती पार पडली.

नंतर फडक्याने त्यांना गाठलंच. "काका, तुम्हाला कसं पाठ?"

"नगरला शेजारी कुलकर्णी होते. आमच्यातली भिंत पातळ होती."

"मग नीट आमच्याबरोबर उभं राहून म्हणायचं ना!"

"तुमची पूजा तुम्ही करायची. माझा देव वेगळ्या टेबलावर बसतो. पण शेजाऱ्याची गाडी बंद पडली तर धक्का मारायला काय हरकत आहे?"

फडके विरघळला. डोळ्यांत पाणीबिणी आणून त्याने काकांचे हात धरले. काकांनी ते तसेच धरू दिले आणि म्हणाले, "फक्त एक सांगतो. तबला जरा हळू वाजवत जा. देवाला कुठली ट्रेन पकडायची नसते."

*

एका मोठ्या, झगमगाटी चर्चने काकांना एकदा बोलावलं. जुन्या काळच्या येशूभक्त हिप्पींबद्दल तरुणांना दोन शब्द सांगा म्हणाले. सिनेमागृहासारखं सभागृह, रंगीत दिवे, मोठ्ठे पडदे. काकांनी त्या दिवशी चपलांऐवजी बूट घातले होते. त्यावरून लिलीकाकूंनी ओळखलं की स्वारी घाबरलेली आहे.

काका स्टेजवर गेले. वातावरणनिर्मितीसाठी कुणी तरी धुराचं मशीन सुरू केलं. पायाशी पांढरा धूर पसरायला लागला. काकांनी खाली बघितलं, मागे बघितलं. मग माइकमध्ये म्हणाले, "वन मिनिट, यंग पीपल. वायर जळतेय कुठे तरी." आणि गिटार खाली ठेवून ते स्टेजच्या मागे गेले. अख्खं आयुष्य इलेक्ट्रिशियनचं काम केलेला माणूस! पाच मिनिटांनी मशीनचा प्लग हातात घेऊन परत आले आणि सगळ्यांना दाखवत म्हणाले, "नाऊ ओके. नोबडी विल डाय."

सभागृहात असा हशा पिकला, की पुढे काका जे बोलले ते एकेकाने कान देऊन ऐकलं म्हणतात. त्या चर्चने त्यांना परत बोलावलं. प्रवचनाला नव्हे, वायरिंग तपासायला!

*

आता पासिर रिस भागातला किस्सा. हा सांगताना फडके उभा राहतो, पण मी बसूनच सांगतो.

इथे सरकारी वसाहतींतल्या इमारतींच्या, म्हणजे ब्लॉकच्या, तळमजल्यावर मोकळी जागा असते. लग्न तिथेच, मयतही तिथेच. कुणी गेलं की चार-पाच दिवस तिथे मांडव घालून लोक भेटायला येतात. काकांच्या यार्डातल्या एका तमिळ ख्रिश्चन दोस्ताची आई गेली. काका गिटार घेऊन निघाले आणि चुकीच्या ब्लॉकखाली पोहोचले. तिथेही मांडव होता, पण चिनी माणसांचा! समोर धूप, गेलेल्या माणसासाठी जाळायचं कागदाचं दुमजली घर, फळांच्या राशी. काकांना वाटलं, दोस्ताच्या सासरची मंडळी चिनी असतील. एवढं पाहून दुसरा कुणी परत फिरला असता. काकांनी खुर्ची ओढली आणि सुताराचं गाणं लावलं.

तिकडे त्या कुटुंबाला वाटलं, पॅकेजमध्ये हा इंडियन म्युझिशियन अंत्यविधीवाल्यानेच पाठवलाय! आणि गंमत म्हणजे वारलेले आजोबा खरोखरच सुतारकाम करायचे. हे काकांना ठाऊक असायचं काहीच कारण नव्हतं, आणि त्या लोकांना मराठीचा एक शब्द कळत नव्हता. पण काकांची एक सवय होती. गाताना रंधा मारल्यासारखा हात पुढे-मागे न्यायचे. तो हात बघून थोरला मुलगा, एवढा साठीचा माणूस, ढसाढसा रडायला लागला.

निघताना रिवाजाप्रमाणे त्यांनी काकांच्या हातावर लाल दोरा आणि साखरेची गोळी ठेवली, शेंगदाण्यांची अख्खी बशी खायला लावली आणि उद्या किती वाजता येणार म्हणून विचारलं!

काका योग्य ब्लॉकखाली पोहोचले तेव्हा लिलीकाकू कमरेवर हात ठेवून उभ्या होत्या. "कुठे होतास?"

"चुकीच्या मयताला गेलो."

"अरे देवा. मग?"

"माणसं बरोबर निघाली."

मांडव उठेपर्यंत काका दोन्हीकडे जात राहिले. थोरला मुलगा पुढे कोपीटियमच्या टेबलावरही दिसायला लागला. बोलायचा काही नाही. खुर्चीचा पाय डुगडुगत असला की तेवढा नीट करून जायचा.

*

आणि मग काकांचा आवाज बसला.

आम्ही थट्टा केली. फडके म्हणाला, "एवढं बोलल्यावर बसणारच. उभं राहून बोलायची लायसन्सवर बंदी आहे ना!" काकाही हसले. महिनाभर आलं-मध झालं, लिलीकाकूंची चिनी औषधं झाली. आवाज काही उठेना. मग तपासण्या झाल्या आणि डॉक्टरांनी सांगितलं, घशात गाठ आहे. जीव वाचेल, पण स्वरयंत्र काढावं लागेल.

आमच्या टेबलावर काकांनी मला हे सांगितलं तेव्हा मी उगीच कॉफी ढवळत राहिलो. मला रडू येत होतं. त्यांनाही भीती वाटत होती, आणि त्यांनी ती लपवली नाही.

"मरायचं काही नाही रे नितीन," घोगऱ्या आवाजात ते म्हणाले. "पण माझ्याकडे दुसरं काय आहे सांग? शिक्षण नाही, चर्च नाही, पदवी नाही. तोंड होतं तेवढं. ते गेल्यावर मी कुणाला काय सांगणार? नुसता केस वाढवलेला म्हातारा!"

ऑपरेशनच्या आदल्या दिवशी संध्याकाळी आम्ही सगळे त्यांच्या घरी जमलो. काका शेवटचं काय बोलतात, काय गातात, ते रेकॉर्ड करायचं ठरलेलं. फडक्याने तर स्टँडसकट माइक आणला होता. पोहे झाले, कॉफी झाली. काका गप्पच.

शेवटी लिलीकाकू त्यांच्या शेजारी जाऊन बसल्या. "सॅम, आयुष्यभर तुला सांगत आले, जरा गप्प बस, गप्प बस. आज बोल ना. प्लीज."

काकांनी त्यांचा हात हातात घेतला. फडक्याने हळूच माइकचं बटण दाबलं.

काका म्हणाले, "तुझ्या कॉफीत साखर फार असते."

लिलीकाकू ताडकन उठल्या. "आय्यो! इतकी वर्षं प्यायलास आणि हे आज सांगतोस?"

त्या जे हसायला लागल्या, ते हसता हसता रडायलाच लागल्या. काकाही तसेच. ते रेकॉर्डिंग फडक्याकडे अजून आहे. त्यात त्यानंतर कुणीच नीट काही बोललेलं नाही.

*

ऑपरेशन व्यवस्थित झालं. गळ्याला पुढून एक छिद्र, श्वास तिथून. त्यावर लिलीकाकू रोज वेगळ्या रंगाचा रुमाल बांधायच्या. हॉस्पिटलने गळ्याला लावून बोलायचं एक यंत्र दिलं. काकांनी ते एकदाच लावलं, त्यातून आलेला आवाज ऐकला आणि फोनवर टाइप करून आम्हाला दाखवलं: 'हा माझा आवाज नाही. हा लिफ्टचा आहे.' यंत्र कपाटात गेलं.

वाईट हे, की त्याच्या मागोमाग गिटारही कपाटात गेली. काका घराबाहेर पडेनात. टीव्ही बघत बसायचे. आम्ही आग्रह केला की फोनवर एकच वाक्य टाइप करायचे: 'मुक्या माणसाने रस्त्यावर जाऊन काय करायचं?' फडक्यासारखा वाद घालणारा माणूससुद्धा खाली मान घालायचा.

काही महिने असे गेले. मग एका शनिवारी लिलीकाकूंनीच गिटार बाहेर काढली, काकांना लिफ्टमध्ये ढकललं आणि आम्हाला फोन केला, "मी याला बिशान एमआरटीपाशी सोडलंय. आता मला घर पुसायचंय. तुम्ही बघा."

आम्ही धावत गेलो. काका घडीच्या स्टुलावर बसले होते, गळ्यात निळा रुमाल. नुसती गिटार वाजवत होते. गाणं नाही, शब्द नाही, फक्त चाल. लोक बाजूने जात होते. काका मान खाली घालून वाजवत होते. मला वाटलं, संपलं. आता हे परत येणार नाहीत.

पण पुढच्या शनिवारी ते आले, त्याच्या पुढच्याही. हळूहळू दोन-चार माणसं थांबायला लागली. काका वाजवता वाजवता मान वर करून एकेकाकडे बघायचे. बस्स, तेवढंच.

असेच एकदा मी आणि फडके मागे उभे असताना एक तरुण मलाय पोलीस आला. फार अदबशीर मुलगा. वाकून म्हणाला, "अंकल, सॉरी हां. तक्रार आलीय. तुमचं वाजवायचं लायसन्स आहे, ठीक आहे. पण इथे भाषण नाही करता येणार."

मी पुढे सरसावलो. इतक्या वर्षांत पहिल्यांदाच माझ्या नोकरीचा कुणाला तरी उपयोग होणार होता! पण काकांनी मला हातानेच थांबवलं आणि गळ्यावरचा रुमाल जरासा खाली केला.

पोलिसाने बघितलं. त्याचा चेहरा पडला. "सॉरी, अंकल. व्हेरी सॉरी." मग जमलेल्या लोकांकडे वळून त्याने विचारलं, "कुणी केला होता फोन?"

"मी," भाजीची ट्रॉली ओढत एक चिनी आजीबाई पुढे आल्या. ठेंगण्या, गुबगुबीत आणि भयंकर चिडलेल्या.

"आंटी, या अंकलना बोलताच येत नाही."

"मला माहीत आहे! मी रोज इथून जाते. मी काय आंधळी आहे?"

"मग तक्रार कसली?"

"तो मला टोचून बोलतो!" आजीबाईंनी काकांकडे बोट दाखवलं. "मी इथे नुसती उभी राहिले की म्हणतो, मुलाला फोन कर. गेल्या शनिवारी म्हणाला. आज परत म्हणाला! त्याला काय करायचंय? माझं आणि माझ्या मुलाचं भांडण आहे, मी बघून घेईन!"

पोलिसाने काकांकडे बघितलं. काकांनी खांदे उडवले आणि वाजवत राहिले.

"आंटी," पोलीस जपून म्हणाला, "कुठल्या भाषेत म्हणाले?"

"तेओच्यू. आमच्या घरची भाषा. दुसऱ्या कुठल्या भाषेत म्हणणार?"

फडक्याने माझं कोपर घट्ट पकडलं. काकांना आवाज होता तेव्हासुद्धा तेओच्यूचा एक शब्द येत नव्हता.

कुणी हसलं नाही. लोक काकांकडे बघत होते, काका आजीबाईंकडे बघत होते. पोलिसाने टोपी काढली, पुन्हा घातली. हे कुठल्या नियमात बसवावं, हे मलाही सांगता आलं नसतं.

"मग आंटी," शेवटी त्याने हळूच विचारलं, "तुम्ही केला का फोन?"

"तुम्हालाच तर केला!"

"आम्हाला नाही. मुलाला."

आजीबाई ट्रॉलीच्या दांड्याशी चाळा करत राहिल्या. मग पिशवीतून फोन काढला, तो लांब धरला, डोळे बारीक करून एक नंबर शोधला आणि दाबला. आजीबाई असल्याने अर्थातच स्पीकर चालू! रिंग आम्हा सगळ्यांना ऐकू यायला लागली.

काकांनी तारांवर तळवा ठेवून गिटार बंद केली.

रिंग वाजत राहिली, वाजत राहिली. मग पलीकडून कुणी तरी, अजून खात्री नसल्यासारखं, म्हणालं, "मा?"